पहिला उकार

१

वहिनी छोट्या गोष्टींना रडते आणि मोठ्या गोष्टींना कोरडी पडते. त्या दिवशी सकाळी फोनवर तिचा आवाज इतका कोरडा होता की मी केसांत कंगवा तसाच ठेवून खाली बसले.

"वन्सं, आईंचा आवाज गेला."

तसं पाहिलं तर आईचा आवाज आधीच गेलेला होता. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. त्या आजाराचं नाव एवढं लांबलचक आहे की ते घेऊन होईपर्यंत माणसाचं आणखी काहीतरी जातं. पण जीभ जायच्या आधी माझा मोठा भाऊ, दादा, महिनाभर तिच्या उशाशी बसला. तिच्याकडून शेकडो वाक्यं वाचून घेतली, ती आपल्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये भरली आणि तिच्या पलंगासमोर एक टॅबलेट टांगला. आई टॅबलेटवरच्या अक्षरांकडे नाहीतर बटणांकडे बघते, टॅबलेट तिची नजर ओळखतो, सर्व्हरला निरोप देतो आणि आई बोलते. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा ना, त्याच आवाजात. मराठी शिकवायची ती.

आणि मग दादाच गेला. कामावर, खुर्चीत बसल्या बसल्या. त्याला वर्ष होऊन गेलं. घर वहिनीकडे राहिलं आणि सर्व्हर माझ्या वाट्याला आला, कारण दादाने तसं सांगून ठेवलं होतं. बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा, दिवसरात्र गुणगुणणारा. मी दर रविवारी येऊन त्याची धूळ पुसायचे. वारसा सांभाळायचा म्हणजे आणखी काय करतात, देव जाणे.

मी पोचले तेव्हा आई टॅबलेटकडे टक लावून होती. पडद्यावर लाल चौकट होती आणि तिच्यात लिहिलं होतं : सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. जोडणी करता येत नाही.

"आजच व्हायचं होतं का हो हे," वहिनी म्हणाली.

कारण चार वाजता मामा आणि डॉक्टर येणार होते. आईला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात कायमचं हलवायचं की नाही, ते आज ठरणार होतं. मामाने तिथे खाट सांगून ठेवली होती, गाडीसुद्धा ठरवली होती. डॉक्टरांचं म्हणणं होतं की शरीराबरोबर आईचं डोकंही चालेनासं झालंय, घरी ठेवणं धोक्याचं आहे. मी फोनवर कडाकडा भांडले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यांनी स्वतः, स्वतःच्या शब्दांत मला सांगितलं की इथेच राहायचंय, तर मी सही करणार नाही."

स्वतःच्या शब्दांत म्हणे! आणि शब्द त्या लाल चौकटीच्या पलीकडे अडकलेले.

२

दादाचा जुना भागीदार माझ्या आधीच येऊन बसला होता. त्याला आम्ही सगळे 'उद्या' म्हणतो. कुठलंही काम सांगा, "उद्या करतो" हे त्याचं उत्तर. आज मात्र वहिनीच्या एका फोनवर धावत आला होता. माझा धंदा विम्याच्या दाव्यांची चौकशी करण्याचा, तेव्हा हे मी मनात टिपून ठेवलं.

"मॅडम, सोपं आहे समजायला," तो म्हणाला. दादाच्या खोलीत त्याने डब्याला पडदा आणि कळफलक जोडला होता. "प्रमाणपत्र म्हणजे ओळखपत्र. टॅबलेट बोलायच्या आधी डब्याला विचारतो, तू तोच ना? दाखव ओळखपत्र. त्याच्यावरची तारीख उलटलेली असली की टॅबलेट तोंड फिरवतो."

"मग नवीन काढ."

"तिथेच तर गोम आहे. हल्ली हे आपोआप होतं, पण तुमच्या दादाने होऊ दिलं नाही. म्हणायचा, आईच्या आवाजाचं दार आपोआप उघडायला नको. दर वेळी परवलीचं वाक्य टाकायचं, मगच नूतनीकरण. आणि वाक्य तीनदा चुकलं की डबा दिवसभरासाठी बंद."

"वाक्य काय आहे?"

"मला माहीत असतं तर मी घामाघूम झालो असतो का? एकदा अंदाजाने टाकून बघितलं. चुकलं. दोनच उरलेत."

"डबा फोडून आतलं काढता येत नाही?"

"आवाजाच्या फाइलीही त्याच वाक्याने बंद आहेत. फोडलं तर कायमचं गेलं."

डब्याच्या पडद्यावर वाक्यासाठी एक रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली आधीच्या नूतनीकरणांच्या ओळी. प्रत्येक ओळीत तारीख आणि एक छोटासा शेरा. सर्वांत जुन्या ओळीत दादाने लिहिलं होतं, 'नुतनीकरण केले. आई बोल.' त्याचा तो शब्द वाचून मला हुंदकाच आला. पण रडायला वेळ नव्हता. मी तारखा बघत वर सरकले आणि एका ओळीवर माझी नजर थिजली.

"उद्या, ही तारीख बघ. आणि ही. आणि ही."

तो वाकला. त्याने बोट ठेवून एकेक तारीख वाचली.

दादा गेल्यानंतरही, दर तीन महिन्यांनी, नेमाने, मुदत संपायच्या आत नूतनीकरण झालेलं होतं. आमचा मेलेला दादा वर्षभर आईचं ओळखपत्र काढत होता. आणि या वेळी त्याने काढलं नव्हतं.

३

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. विम्याच्या धंद्यात मेलेली माणसं सह्या करतात, गाड्या विकतात, एकाने तर मुलगाही जन्माला घातला होता. दर वेळी मागे कुणीतरी जिवंत निघतं. म्हणजे परवलीचं वाक्य या घरात कुणाला तरी माहीत होतं. ज्याला माहीत होतं, त्याने ते आजच्या दिवसासाठी दाबून ठेवलं होतं. आईने बोलू नये म्हणून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

उद्याकडे मी आधी बघितलं. दादा असताना हा डबा त्याला हवा होता, आपल्या कामाला. दादाने दिला नव्हता.

"मॅडम, माझ्यावर संशय?" तो दुखावून म्हणाला. "अहो, ते सगळं वेळेवर झालंय. एकही तारीख चुकलेली नाही."

हे मात्र खरं होतं. वेळेवर झालेल्या गोष्टीचा आळ उद्यावर घेणं म्हणजे मांजरावर उपासाचा आळ घेण्यासारखं होतं.

वहिनी स्वयंपाकघरात आईसाठी पेज गाळत होती. मी दाराला टेकून उभी राहिले.

"वहिनी, खरं सांग. दमलीस ना तू?"

"दमले," ती मागे न बघता म्हणाली. "दमले म्हणून काय आईंचा गळा दाबीन? काय विचारायचंय ते सरळ विचारा. विम्याच्या लोकांशी बोलता तसं माझ्याशी बोलू नका."

"दादाच्या खोलीत शेवटची कधी गेलीस?"

"ते गेल्यापासून पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही दर रविवारी जाता ते तुमचं काळीज. माझं नाही होत." मग तिने गाळणं खाली ठेवलं आणि सगळं भडाभडा बाहेर आलं. "आईंचं काय चाललंय ते तरी कळतं का मला? महिना झाला, माझ्याशी धड वाक्य बोललेल्या नाहीत. नुसती बटणं दाबतात. पाणी. कूस. बास. पंखासुद्धा मागत नाहीत, घामाने उशी भिजते पण मागत नाहीत. मी म्हटलं, रुसल्या असतील. मामांशी शुश्रूषागृहाचं बोलले ना मी, त्यावर."

"आणि भ्रमाचं काय? डॉक्टर म्हणतात ते?"

वहिनीने पदराने डोळे टिपले. "ते दुसरं. गेल्या आठवड्यापासून सारखं एकच. 'मदत.' धावत जायचं तर काही नको असतं. उशी नको, पाणी नको, औषध नको. मी पाठ फिरवली की पुन्हा, 'मदत'. आणि मग ते बटण दाबतात." तिने गाळणं पुन्हा उचललं. "ते हो. 'दादाला बोलवा.'"

ते बटण दादानेच टॅबलेटवर ठेवलं होतं, रात्री-अपरात्री यंत्र अडलं तर म्हणून. तो गेल्यावर ते काढायचं कुणाच्या हातून झालं नाही.

"परवा डॉक्टरांसमोर पाच-सहा वेळा दाबलं," वहिनी म्हणाली. "'मदत. दादाला बोलवा. मदत.' त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आपलं माणूस गेल्याचं ज्यांना आठवत नाही, त्यांना घरी कसं ठेवायचं सांगा?"

मी आईच्या खोलीत डोकावले. आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला राग दिसला, आणि मी मूर्खासारखी तिचं पांघरूण नीट करून बाहेर आले.

४

पुन्हा डब्यासमोर जाऊन बसले. दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच त्या ओळी दुपारभर खालीवर वाचत राहिले. दादाच्या काळातला शेरा : नुतनीकरण केले. दादा गेल्यानंतरचा शेरा : नूतनीकरण केले.

आमच्या आईबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दादा लहान असताना आई शेजारच्या खोलीत वह्या तपासत होती आणि गॅसवर दूध ठेवलेलं. ते वर यायला लागलं. गॅस बंद करायचं सोडून या पठ्ठ्याने पाटीवर लिहिलं, 'आई दुध उतू गेलं', आणि पाटी नेऊन तिच्यासमोर धरली. आईने ती वाचली, खडू घेतला, 'दुध'चा पहिला उकार पुसून दुसरा काढला, आणि मग स्वयंपाकघराकडे धावली. तोवर पातेलं करपलं. घरात कुणी उशिरा शहाणपण दाखवलं की आम्ही म्हणायचो, "आधी उकार बघ, दूध जाऊ दे." आम्हा भावंडांत मला उकार आले, दादाला जन्मात आले नाहीत. नुतनीकरण, सुर्य, पुर्ण. इंजिनिअर झाला तरी तेच.

आणि इथे, दादा गेल्यानंतरच्या प्रत्येक ओळीत 'नूतनीकरण'ला दुसरा उकार होता.

"मेल्यावर माणसाचं शुद्धलेखन सुधारत नाही," मी मोठ्याने म्हणाले.

"काय?" उद्या दचकला.

मी त्याच्यापुढे कागद सरकवला. "लिही. नूतनीकरण."

त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मराठीत लिही म्हटल्यावर ओशाळून म्हणाला, शाळा सुटल्यापासून सवय नाही. वहिनीला बोलावलं. तिने चिडून लिहिलं आणि लिहिलं ते पहिल्या उकाराने. तीही सुटली.

तेवढ्यात बेल वाजली. मामा वेळेच्या थोडा आधी आला होता. आईचा धाकटा भाऊ, आयुष्यभर दूर राहून उंटावरून शेळ्या हाकणारा. येतानाच गाडीवाल्याशी फोनवर बोलत होता, चारला खाली उभा राहा म्हणून.

मी कागद त्याच्यापुढे धरला. "लिही, नूतनीकरण." तो बिचकला, पण लिहिलं. वळणदार अक्षरात, दुसऱ्या उकाराने : नूतनीकरण.

"मामा, तू करतोस हे? तुला वाक्य माहीत आहे! खाट अडकून राहील म्हणून तू आईला मुकी केलीस? सख्ख्या बहिणीला?"

"कसलं वाक्य? पोरी, काय बोलतेस तू?"

"दुसरा उकार तूच काढलास! या घरात आणखी कुणाला येतो तो?"

मामाने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका वेडावाकडा झाला की मी कागद खाली घेतला.

"मला तो टॅबलेट चालूसुद्धा करता येत नाही," तो म्हणाला. "आणि मला ताईचा आवाज बंदच पाडायचा असता, तर वर्षभर मी तो चालू कशाला ठेवला असता? ज्याने ठेवला त्याची तिच्यावर माया असणार ना?" तो खुर्चीत बसला. "आणि उकार म्हणशील, तर तो मला आला कुठून? ताईनेच शिकवला. पट्टीने हातावर मारून मारून."

डबा तेवढा गुणगुणत होता.

काखेत कळसा नि गावाला वळसा. सगळ्यांची उलटतपासणी झाली होती. जिचा आवाज गेला, तिला एका शब्दाने विचारावं असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

५

टॅबलेट यायच्या आधी आमची एक पद्धत होती. डोळे मिटले की हो, उघडे राहिले की नाही. मी आईच्या पलंगावर बसले.

"आई, नूतनीकरण तू करत होतीस?"

आईने डोळे मिटले. लगेच. जणू आठवडाभर याच प्रश्नाची वाट बघत होती.

"दादाने वाक्य तुला सांगितलं होतं? टॅबलेटवरूनच करायचीस?"

पुन्हा मिटले.

"मग या वेळी का नाही केलंस?"

हो-नाहीत याचं उत्तर बसत नव्हतं. मी बाराखडी सुरू केली. ओळीओळीने अक्षरं म्हणायची, तिने डोळे मिटले की थांबायचं. प-च्या ओळीत 'म'वर थांबली. मग 'द'. मग 'त'.

"मदत," मामा पुटपुटला. "बघ, तेच सुरू झालं."

"हो गं आई, करतोय मदत," मी म्हणाले. "सगळे तुझ्यासाठीच आलोत."

आईचे डोळे सताड उघडे राहिले. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी वर्गात ढिम्म पोरीकडे बघायची. आणि मला त्या नजरेचा अर्थ कळला. मी अर्धंच विचारलं होतं.

"थांब. 'म'ला काही आहे? काना?"

डोळे उघडे.

"पहिली वेलांटी? दुसरी? ... पहिला उकार?"

आईने डोळे मिटले ते इतके घट्ट, की कडांना सुरकुत्या पडल्या.

"मु," मी म्हणाले. "मु-द-त. अगं बाई! मुदत!"

आई मदत मागतच नव्हती. मुदत संपत आलीय, मुदत संपत आलीय, असं बिचारी आठवडाभर कानीकपाळी ओरडत होती आणि आम्ही तिला उशा देत होतो.

"पण उकार का नाही दिला मग?" वहिनी म्हणाली. "आई आणि उकार गाळतील?"

घामाने भिजलेली उशी मला आठवली. "आई, पंख्याच्या बटणाकडे बघ."

ते बटण टॅबलेटच्या डाव्या टोकाला होतं. आईचे डोळे निघाले, पडद्याच्या मध्यापर्यंत आले आणि अडले. ती जोर लावत होती. डोळ्यांत पाणी जमलं, पण बुबुळं पुढे सरकेनात.

मला सगळं लख्ख दिसलं. दादाने तिच्यासाठी खास कळफलक केला होता. अक्षरं उजवीकडे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार डावीकडे. आजार डोळ्यांपर्यंत पोचला होता आणि तिची डावीकडची नजर गेली होती. जन्मभर पोरांच्या काना-मात्रा सुधारणारी माझी आई, तिच्याकडे नुसती बोडकी अक्षरं उरली होती. वाक्य टाकता येईना, सांगता येईना. म्हणून ती कामाचं उरलेलं एकच बटण दाबत होती. दादाला बोलवा. म्हणजे दादाच्या डब्याकडे जा गं कुणीतरी! आणि आम्ही त्यावरून तिला वेडी ठरवली.

वहिनीने आईच्या पायांवर डोकं टेकलं. "मी म्हटलं रुसल्या. आई, मी म्हटलं रुसल्या."

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

६

"वाक्य सांग आई. लवकर."

पहिलं अक्षर 'आ', दुसरं 'ई'. मग 'द'.

"काना? वेलांटी? पहिला उकार?"

डोळे मिटले. पुढे 'ध'. मग 'उ'. 'त', दुसरा उकार. तिच्या पापण्या जड होत चालल्या होत्या, प्रत्येक वेळी उघडायला जास्त वेळ लागत होता. पण मला पुढचं सांगायची गरजच उरली नाही. मी दादाच्या खोलीकडे धावले. जिन्यावर डॉक्टरांची पावलं वाजत होती.

'आई दूध उतू गेलं.'

डब्याने लाल रेघ दाखवली. चूक.

"मॅडम!" उद्याने डोकं धरलं. "आता एकच!"

मी परत आईकडे धावले. दारात डॉक्टर उभे होते, हातात कागद. मामा त्यांना थोपवत होता, हो, मामाच. "दोन मिनिटं डॉक्टर, दोनच मिनिटं."

"आई, नाही उघडत गं. तेच टाकलं. आई दूध उतू गेलं. तेच ना?"

डोळे मिटले, उघडले. मिटले, उघडले. हो आणि नाही. ती थकली होती का? चुकत होती का? डॉक्टर म्हणत होते ते खरं होतं का? मला त्या क्षणी तिची इतकी भीती वाटली की मी तिचा गार हात छातीशी धरला.

"सगळं बरोबर आहे, पण एक चुकलंय? कुठलं? 'आई'? ... 'दूध'?"

मिटले.

तेव्हा मला कळलं. तिने मला पहिला उकार सांगितला होता. ती दमलीय, चुकली असेल, असं समजून मी तो दुरुस्त केला होता. तिचीच मुलगी ना मी. आधी उकार बघितला आणि दूध जाऊ दिलं.

"पण आई, पहिला उकार चूक आहे," मी रडत म्हणाले.

आईने डोळे मिटले. या वेळी उघडायला वेळ लावला आणि कडेने पाणी ओघळलं.

मी परत डब्याकडे गेले. 'आई दुध उतू गेलं.' एक एक अक्षर दादाने लिहिलं होतं तसं लिहिलं आणि बटण दाबलं.

हिरवी रेघ आली. खाली नवी तारीख उमटली आणि शेऱ्यासाठी चौकट उघडली. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा : "दादाला बोलवा."

उद्या दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मग उठला, आईच्या खोलीत जाऊन टॅबलेट मांडीवर घेतला. काना-मात्रा उजवीकडे आणायला किती वेळ लागेल, असं मी विचारलं. "आत्ता करतो," तो म्हणाला, आणि केलं.

डॉक्टर पलंगाशी बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, मुदत काय आणि मदत काय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आईला विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

आई हळूहळू बघत गेली, अक्षर, मात्रा, अक्षर.

"इथेच. सूनबाईला सुट्टी द्या. मदतीला बाई ठेवा."

वहिनी रडता रडता हसली. डॉक्टरांनी आपल्या कागदावरचा मजकूर खोडला आणि त्याच्याखाली लिहिलं. काय लिहिलं ते आईला दिसावं म्हणून कागद तिच्यासमोर धरला : रुग्ण पुर्ण शुद्धीवर.

आईची नजर कागदावरून टॅबलेटकडे वळली.

"पूर्णला दुसरा उकार."

मामाने खिडकीतून गाडीवाल्याला हात करून परत पाठवलं.

सगळे बाहेर गेल्यावर मी एकटी तिच्यापाशी बसले. "आई, जन्मभर त्याला उकारांवरून बोललीस. शेऱ्यातसुद्धा दुसराच उकार काढलास. आणि वर्षभर ही चूक मात्र जशीच्या तशी लिहीत आलीस?"

तिची नजर टॅबलेटवर अक्षरामागून अक्षर वेचत गेली.

"दुरुस्त केलं, तर तो दार उघडत नाही."

आता तीन महिन्यांनी मुदत पुन्हा संपेल. तोवर आईचे डोळे कुठवर फिरतील, ते डॉक्टरही सांगत नाहीत. पुढच्या वेळी वाक्य बहुतेक मलाच टाकावं लागणार, म्हणून रविवारी धूळ पुसून झाली की मी कागदावर सराव करते. हात अजून दुसऱ्या उकाराकडेच जातो.